विश्लेषण : पुण्याचे मालक, ब्लॅकबर्नचा हंगाम... प्रीमियर लीगचा माजी विजेता २०११-१२ मध्ये कसा बुडाला?

प्रीमियर लीगचा हंगाम मे महिन्यात संपत आला, की विजेता कोण याइतकीच चर्चा खाली कोण जाणार याचीही होते. तळाच्या या चर्चेत इंग्लंडमध्ये एका हंगामाचा दाखला आजही दिला जातो आणि त्याचे एक टोक पुण्यात, सिंहगड रस्त्यावर आहे. २०११-१२ मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १९९५ चा विजेता क्लब १९व्या स्थानी राहून प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. पुण्याच्या ‘वेंकीज’ समूहाकडे त्याची मालकी येऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते. त्यानंतर हा क्लब प्रीमियर लीगमध्ये परतलेला नाही. कोंबडीवाल्यांना फुटबॉल काय कळणार, असे म्हणून या हंगामाचा निकाल एका वाक्यात लावला जातो. पण सामन्यागणिक आकडे मांडले, की प्रकरण इतके सोपे नसल्याचे दिसते. मालकांची सुटका मात्र हे आकडेही करत नाहीत.

ब्लॅकबर्न रोव्हर्सचे एवढे महत्त्व काय?

ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधील जुने गिरणगाव. परदेशी कापडावरील बहिष्काराची झळ बसलेल्या गिरणी कामगारांना भेटण्यासाठी महात्मा गांधी १९३१ मध्ये गेले होते ते डार्वेन गाव येथून अगदी जवळ. रोव्हर्सची स्थापना १८७५ची. १८८८ मध्ये इंग्लंडमध्ये फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हाच्या १२ संस्थापक क्लबांपैकी हा एक. निळा-पांढरा अर्धा-अर्धा सदरा आणि १८९० पासून घर असलेले ईवुड पार्क ही त्याची ओळख.

गावातलेच पोलाद व्यावसायिक जॅक वॉकर यांनी नव्वदच्या दशकात क्लबमध्ये पैसा ओतला. केनी डाल्ग्लिश प्रशिक्षक आणि ॲलन शिअरर आघाडीला. १९९४-९५ मध्ये शिअररने ३४ गोल केले आणि रोव्हर्सने मँचेस्टर युनायटेडला मागे टाकत विजेतेपद मिळवले. लहान गावाच्या क्लबने प्रीमियर लीग जिंकण्याचे असे उदाहरण त्यानंतर थेट २०१६ मध्ये लेस्टरच्या रूपाने दिसले, आणि लेस्टर तुलनेने बरेच मोठे शहर आहे. वॉकर २००० मध्ये वारले. त्यांच्या विश्वस्त निधीने पुढे दहा वर्षे क्लब सांभाळला आणि मग विकायला काढला.

पुण्यातील कुक्कुटपालन समूह तिथे कसा पोहोचला?

‘वेंकीज’ म्हणजे डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजचा समूह. अंड्यांचा भाव शेतकऱ्याच्या हाती यावा म्हणून ‘राष्ट्रीय अंडी समन्वय समिती’ उभी करणारे हेच ते राव. त्यांच्यानंतर समूहाची सूत्रे कन्या अनुराधा देसाई आणि पुत्र वेंकटेश व बालाजी राव यांच्याकडे आली. नोव्हेंबर २०१० मध्ये या समूहाने सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना रोव्हर्स विकत घेतला आणि क्लबवरील कर्जाची जबाबदारीही उचलली. प्रीमियर लीगमधील क्लबची मालकी भारतीयांकडे येण्याची ही पहिलीच वेळ होती.

व्यवसाय म्हणून हा विचार अगदीच वेडेपणाचा नव्हता. प्रीमियर लीग जगभर पाहिली जाते, क्लबच्या नावासोबत ‘वेंकीज’चे नावही घरोघरी जाणार होते. शिवाय किंमत माफक होती. पहिली गडबड झाली ती खरेदीनंतर महिन्याभरातच. १३ डिसेंबर २०१० रोजी प्रशिक्षक सॅम अलरडाइस यांना काढण्यात आले. संघ तेव्हा १३व्या स्थानी होता. अलरडाइस यांचा खेळ देखणा नसे, पण तळाच्या संघांना तगवून ठेवण्यात त्यांचा हात धरणारे कमीच. त्यांच्या जागी आले त्यांचेच सहायक स्टीव्ह कीन. प्रमुख प्रशिक्षक म्हणून त्यांचा हा पहिलाच अनुभव. पाठोपाठ फेब्रुवारी २०११ मध्ये वॉकर यांच्या काळापासून क्लब चालवणारे अध्यक्ष जॉन विल्यम्सही बाहेर पडले. याच सुमारास रोनाल्डिन्योला आणण्याच्या बाता सुरू होत्या. तो ब्राझीलमध्ये फ्लेमेंगोकडे गेला.

म्हणजे दोन-तीन महिन्यांत क्लबमधून फुटबॉल जाणणारी दोन जुनी माणसे गेली आणि निर्णय काही हजार किलोमीटर दूर पुण्यातून होऊ लागले. तो हंगाम कसाबसा निभावला. शेवटच्या दिवशी वुल्व्ह्जला त्यांच्याच मैदानावर ३-२ असे हरवून रोव्हर्स १५व्या स्थानी राहिले. खरे तर तो इशारा होता.

घसरण म्हणजे नेमके काय?

प्रीमियर लीगमध्ये २० संघ, प्रत्येकाचे ३८ सामने. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. शेवटचे ३ संघ खालच्या ‘चॅम्पियनशिप’मध्ये जातात आणि तिथले ३ वर येतात. आयपीएलमध्ये तळाला राहिलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा त्याच स्पर्धेत खेळतो. इथे तशी सोय नाही.

२०११-१२ ची सुरुवात कशी होती?

वाईट. उन्हाळ्यात १९ वर्षांचा बचावपटू फिल जोन्स मँचेस्टर युनायटेडला विकला गेला. त्याच्यासाठी सुमारे दीड कोटी पौंडांहून अधिक रक्कम मिळाल्याचे तेव्हा सांगितले गेले. बदल्यात आलेल्यांपैकी एव्हर्टनचा नायजेरियन आघाडीपटू याकुबू ही एकच खरेदी पूर्णपणे वसूल झाली. पहिले तिन्ही सामने रोव्हर्स हरले. सप्टेंबरमध्ये आर्सेनलवर ४-३ असा विजय मिळाला, पण त्यातले दोन गोल आर्सेनलच्या खेळाडूंनी स्वतःच्याच जाळ्यात मारलेले होते.

ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी लीगला सुट्टी असताना हा संघ पुण्यात आला. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात पुणे एफसीविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना झाला आणि रोव्हर्सने तो ३-० ने जिंकला. पुण्यातील फुटबॉलप्रेमींसाठी प्रीमियर लीगचा संघ डोळ्यांसमोर पाहण्याची ही पर्वणीच होती. ब्लॅकबर्नमध्ये मात्र नाराजी होती. तळाशी चाचपडणाऱ्या संघाला विश्रांतीच्या दिवसांत विमानात बसवून भारतात नेण्याचे कारण चाहत्यांना समजेना. त्यात खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये चिकन खाताना दिसणारी ‘वेंकीज’ची जाहिरात आली. एरवी हसण्यावारी गेली असती. हरणाऱ्या संघाच्या चाहत्यांना ती जखमेवर मीठ वाटली.

डिसेंबरमध्ये याकुबूने एकट्याने ४ गोल करून स्वान्सीला ४-२ असे हरवले. पण २० डिसेंबरला शेजारच्या बोल्टनकडून घरच्या मैदानावर १-२ असा पराभव झाला आणि कीन यांच्याविरोधात स्टेडियम अक्षरशः पेटले. १७ सामन्यांत १० गुण, तळाचे स्थान. त्याच महिन्यात क्लबचे एक वरिष्ठ अधिकारी पॉल हंट यांनी मालकांना पत्र लिहून प्रशिक्षक बदलण्याची विनंती केली होती. हे पत्र बाहेर फुटले ते मे महिन्यात, संघ खाली गेल्यावर. हंट यांना नोकरी गमवावी लागली.

मग मँचेस्टर युनायटेडला कसे हरवले?

हाच या हंगामातला सर्वात चकित करणारा दिवस. ३१ डिसेंबर २०११. ओल्ड ट्रॅफर्डवर सर ॲलेक्स फर्ग्युसन यांचा ७०वा वाढदिवस. समोर गतविजेता युनायटेड आणि त्याच्या बचावफळीत रोव्हर्सनेच विकलेला फिल जोन्स. याकुबूने दोन गोल केले, युनायटेडने ते फेडले आणि ८०व्या मिनिटाला २० वर्षांच्या ग्रँट हॅनलीने कॉर्नरवर तिसरा गोल केला. रोव्हर्स ३-२ ने जिंकले. दोन आठवड्यांनी याकुबूला लाल कार्ड मिळाल्यानंतर १० खेळाडूंनिशी त्यांनी फुलहॅमला ३-१ असे नमवले. या संघात जिंकण्याची ताकदच नव्हती असे म्हणता येत नाही, ते यामुळे.

आकडे काय सांगतात?

अंतिम हिशेब असा : ८ विजय, ७ बरोबरी, २३ पराभव, ३१ गुण. केलेले गोल ४८, खाल्लेले ७८.

यातला ४८ हा आकडा पाहण्यासारखा आहे. त्या वर्षी आठव्या स्थानी राहिलेल्या लिव्हरपूलने ४७ गोल केले होते. सुरक्षित राहिलेल्या स्टोकने ३६, ॲस्टन व्हिलाने ३७, विगनने ४२ आणि १७व्या स्थानावर वाचलेल्या क्वीन्स पार्क रेंजर्सने ४३. म्हणजे गोल करण्यात रोव्हर्स मधल्या फळीतला संघ होता. एकट्या याकुबूचे लीगमधले १७ गोल होते.

गळती दुसऱ्या टोकाला होती. ७८ पेक्षा जास्त गोल फक्त शेवटच्या स्थानावरील वुल्व्ह्जने खाल्ले. पहिल्या २७ सामन्यांत एकदाही प्रतिस्पर्ध्याला शून्यावर रोखता आले नाही. आर्सेनलविरुद्ध परतीच्या सामन्यात तर ७-१ असा धुव्वा उडाला. पूर्ण हंगामात गोल न खाता खेळलेले सामने तीन : वुल्व्ह्ज, संडरलँड आणि नॉर्विचविरुद्ध. ज्या दिवशी गोल बसला नाही त्या प्रत्येक दिवशी संघ जिंकला, हेही लक्षात घेण्यासारखे.

आणखी आत शिरले तर चित्र बोचू लागते. २३ पैकी १२ पराभव केवळ एका गोलने झाले. त्यातही सामना संपता संपता गेलेले गुण वेगळे काढून पाहावेत. ऑगस्टमध्ये एव्हर्टनविरुद्ध रोव्हर्सने दोन पेनल्टी वाया घालवल्या आणि भरपाई वेळेत मिकेल आर्टेटाने, म्हणजे पुढे आर्सेनलच्या प्रशिक्षकपदी गेलेल्या त्याच आर्टेटाने, पेनल्टीवर गोल करून सामना नेला. ऑक्टोबरमध्ये नॉर्विचविरुद्ध ३-१ अशी आघाडी होती. ९४व्या मिनिटाला ग्रँट होल्टच्या पेनल्टीने ३-३ झाले. डिसेंबरमध्ये संडरलँडविरुद्ध ८४व्या मिनिटापर्यंत पुढे असलेला संघ आधी बरोबरीत अडकला आणि ९३व्या मिनिटाला सेबॅस्टियन लार्सनच्या फ्री-किकवर हरला. पुढच्याच सामन्यात वेस्ट ब्रॉमच्या पीटर ओडेमविंगीने ८९व्या मिनिटाला तेच केले. एप्रिलमध्ये लिव्हरपूलच्या अँडी कॅरोलने ९१व्या मिनिटाला.

या पाच गोलांची किंमत ६ गुण. ते वाचले असते तर रोव्हर्सचे ३७ गुण झाले असते. सुरक्षित राहिलेल्या क्वीन्स पार्क रेंजर्सचे गुण होते तेवढेच, ३७. मग निकाल गोलफरकावर गेला असता आणि तिथेही रोव्हर्सचा उणे २५ विरुद्ध रेंजर्सचा उणे २३ असा हिशेब निघतो. अर्थात जर-तरचा हा खेळ दोन्ही बाजूंनी खेळावा लागतो. विगनविरुद्ध याकुबूनेही ९८व्या मिनिटाला पेनल्टीवर गोल करून एक गुण ओढून आणला होता. त्याच सामन्यात रोव्हर्सचा एक गोल, कॉर्नर मारणाऱ्यानेच चेंडू पुन्हा खेळवल्यावर झाला. नियमात न बसणारा हा गोल पंचांच्या नजरेतून सुटला. तरीही शेवटच्या मिनिटांत गळणे महिनोन्महिने चालू राहिले, तर त्याला दुर्दैव म्हणता येत नाही. आघाडी कशी राखायची, वेळ कसा काढायचा, कुणाला कधी बदलायचे हे शिकवणारा अनुभवी माणूस लागतो. अलरडाइस यांची ख्याती नेमकी याच कामासाठी होती.

खेळाडूंच्या बाबतीतही तेच घडले. कर्णधारपद भूषवलेला बचावपटू रायन नेल्सन जानेवारीत टॉटनहॅमला गेला, ख्रिस साम्बा फेब्रुवारीत रशियातील आंझीला. पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी : वर सांगितलेले शून्य गोलांचे तिन्ही सामने साम्बा गेल्यानंतरचे आहेत. एका खेळाडूच्या जाण्याने संघ बुडाला, ही मांडणी त्यामुळे टिकत नाही.

मार्चनंतर काय बिघडले?

१० मार्चला वुल्व्ह्जवर २-० आणि २० मार्चला संडरलँडवर २-० असा विजय मिळवल्यावर रोव्हर्सचे २९ सामन्यांत २८ गुण झाले होते. नाव किनाऱ्याला लागेल असे वाटत होते. उरलेल्या ९ सामन्यांत त्यांनी ३ गुण मिळवले.

या पडझडीची सुरुवात बोल्टनमध्ये झाली. बोल्टनचा खेळाडू फॅब्रिस मुआंबा आठवडाभर आधी सामना सुरू असतानाच हृदयक्रिया बंद पडून कोसळला होता आणि रुग्णालयात होता. त्या भारलेल्या वातावरणात बोल्टन २-१ ने जिंकले. त्यानंतर मँचेस्टर युनायटेड, वेस्ट ब्रॉम, लिव्हरपूल, स्वान्सी असे सलग पराभव. आधीच्या २९ सामन्यांत ४२ गोल करणाऱ्या संघाला शेवटच्या ९ सामन्यांत फक्त ६ गोल करता आले. बचाव तर आधीपासूनच गळका होता. आता गोलही आटले आणि झाकायला काही उरले नाही.

मैदानात कोंबडी का आली?

७ मे २०१२, सोमवारची रात्र, ईवुड पार्कवर मुसळधार पाऊस. समोर विगन. टिकून राहण्यासाठी जिंकणे भाग होते. सामना सुरू होऊन थोडाच वेळ झाला असताना क्लबचा झेंडा पांघरलेली एक जिवंत कोंबडी प्रेक्षकांतून मैदानात सोडण्यात आली. मालकांच्या व्यवसायावरची ही टिप्पणी जगभरच्या वृत्तवाहिन्यांवर दिसली आणि आजही त्या हंगामाचे नाव काढले की आधी तीच आठवते. कोंबडीची बिचारीची यात काही चूक नव्हती. ८७व्या मिनिटाला विगनच्या अंतोलिन अल्काराझने हेडर मारून गोल केला. विगन वाचले, रोव्हर्स ११ वर्षांनी प्रीमियर लीगबाहेर गेले. गोल पुन्हा शेवटच्या मिनिटांतलाच.

घसरणीची किंमत किती?

२०११-१२ मध्ये तळाच्या क्लबांनाही प्रीमियर लीगकडून प्रक्षेपण हक्क आणि इतर वाट्यापोटी सुमारे ४ कोटी पौंड मिळत. खाली गेलेल्या क्लबची एकदम उपासमार होऊ नये म्हणून ‘पॅराशूट’ रक्कम दिली जाते. तेव्हाच्या नियमांनुसार ती चार वर्षांत मिळून ४ कोटी ८० लाख पौंड होती. म्हणजे वर्षभराच्या उत्पन्नाहून थोडी अधिक रक्कम चार वर्षांना पुरवायची. खेळाडूंचे करार मात्र वरच्या श्रेणीतल्या पगाराचे.

खरी चुटपूट लागली ती महिनाभराने. जून २०१२ मध्ये प्रीमियर लीगने पुढील तीन वर्षांचे देशांतर्गत प्रक्षेपण हक्क तब्बल ३०० कोटी पौंडांहून अधिक किमतीला विकले. आधीच्या तीन वर्षांचा करार सुमारे १७८ कोटींचा होता. नव्या करारामुळे २०१३-१४ मध्ये शेवटच्या स्थानी राहिलेल्या कार्डिफलाही ६ कोटी २० लाख पौंड मिळाले. आदल्या वर्षी विजेतेपद पटकावणाऱ्या मँचेस्टर युनायटेडला मिळालेल्या रकमेपेक्षाही ही जास्त होती. वेंकीजने ज्यासाठी क्लब घेतला, तो पैशांचा पूर आला तेव्हा त्यांचा क्लब धरणाच्या खालच्या नव्हे, भलत्याच बाजूला उभा होता.

त्यानंतर क्लबचे काय झाले?

कीन यांना मे २०१२ मध्येही हटवले नाही. सप्टेंबरअखेर त्यांनी राजीनामा दिला. १९९५ च्या विजेत्या संघातले हेनिंग बर्ग आले आणि ५७ दिवसांत, १० सामन्यांनंतर गेले. त्यांना भरपाईपोटी सुमारे २२ लाख ५० हजार पौंड द्यावे लागले. त्यांच्यानंतरचे मायकेल ॲपलटन ६७ दिवस टिकले. ज्या मालकांनी आदल्या वर्षी प्रशिक्षक बदलायचे नाकारले, त्यांनीच या वर्षी बदलांचा सपाटा लावला. दोन्ही वेळा चूक एकच होती : हा निर्णय कुणाच्या सल्ल्याने घ्यायचा हेच ठरलेले नव्हते.

२०१७ मध्ये रोव्हर्स आणखी एक पायरी उतरून तिसऱ्या श्रेणीत गेले. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबवर ही वेळ प्रथमच आली होती. शेवटच्या दिवशी त्यांनी ब्रेंटफर्डला ३-१ असे हरवले, ५१ गुण झाले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचेही ५१ झाले आणि दोन गोलांच्या फरकाने रोव्हर्स खाली गेले. टोनी मोब्रे यांच्या हाताखाली वर्षभरात ते चॅम्पियनशिपमध्ये परतले. २०२२-२३ मध्ये वर येण्यासाठीच्या बाद फेरीचे दार पुन्हा गोलफरकावरच बंद झाले.

या साऱ्या काळात मालकांनी क्लब वाऱ्यावर सोडला नाही, हेही खरे. चॅम्पियनशिपमधले बहुतेक क्लब तोट्यात चालतात आणि ब्लॅकबर्नचा तोटा वर्षानुवर्षे पुण्यातून भरला गेला. घसरणीनंतर लगेच जॉर्डन ऱ्होड्ससाठी ८० लाख पौंड मोजले गेले होते. पैसा येत राहिला, माणसे टिकली नाहीत. अलीकडे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील चौकशीमुळे भारतातून क्लबला रक्कम पाठवण्यासाठी मालकांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली, तेव्हा लँकेशायरमधील चाहते भारतीय न्यायालयातील तारखांची चौकशी करताना दिसले. ईवुड पार्कबाहेर जॅक वॉकर यांचा पुतळा आहे. मालकांविरोधातली निदर्शने आजही होतात, ती याच स्टेडियमच्या परिसरात.